कृष्णेवर पॅडलबोर्ड: उभं राहणं ही आठवी पायरी

नवखा माणूस पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची तरंगती फळी, घेऊन नदीवर आला की क्रम बहुधा उलटा लागतो. बोर्ड अर्धवट फुगवायचा, लाइफ जॅकेट बोर्डावरच्या दोरीत अडकवायचं, पाण्यात ढकलायचं आणि थेट उभं राहायचं. मग पडणं येतं, पडल्यावर वर चढता येत नाही, आणि तोवर बोर्ड वीस-पंचवीस फूट खाली गेलेला असतो. तोल सांभाळायला दोन सकाळींत जमतं. त्याआधीची तयारी कोणी करत नाही, म्हणून गडबड होते. सांगलीच्या घाटांवर तर ही तयारी आणखी मोलाची, कारण इथं बंधारा आहे, शेतीपंप आहेत, जाळी आहेत आणि मगरीही आहेत.

खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिल्या पाच पायऱ्यांत नदीत पाय घालायचा नाही.

पायरी १: हंगाम आणि दिवस ठरवा

जून ते ऑक्टोबर मध्यापर्यंत कृष्णा नवख्यांसाठी बंद समजा. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात, पण हे आकडे पुराचे आहेत. बोर्डासाठी पाणी तांबडं झालं, काठची झुडपं पाण्यात आली किंवा धारेतून लाकडं वाहताना दिसली की विषय संपला. पातळी कितीही कमी असो.

पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, बसवतात आणि पुढच्या पावसाआधी ते काढतात. बरगे बसले की वरच्या अंगाला पाणी तुंबून संथ होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकायचा उत्तम काळ. मार्चनंतर कधी पात्र आटतं, कधी सिंचनासाठी वरून पाणी सोडतात. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट चालू असलं की १०५० क्युसेक आणि दोन्ही चालू असली की २१०० क्युसेक पाणी कोयना नदीत येतं आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळतं. ही बातमी स्थानिक वर्तमानपत्रात येते, ती वाचायची सवय लावा. काल गुडघाभर असलेली पायरी आज कमरेभर पाण्यात असू शकते. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळीव येतो आणि दहा मिनिटांत वारा फिरतो, म्हणून त्या महिन्यांत सरावलेल्यांनीही दुपारचा विचार करू नये.

वेळ: सकाळी धुकं पूर्ण उठल्यावर, साधारण आठ ते अकरा. हिवाळ्यात नदीवरचं धुकं आठनंतरही रेंगाळतं. पलीकडचा काठ स्पष्ट दिसत नसेल तर थांबा.

धार मोजायची सोपी रीत अशी. घाटाच्या कडेने दहा मीटर अंतर पावलांनी मोजून दोन खुणा करा. मोठ्या माणसाची साधारण तेरा-चौदा पावलं होतात. वरच्या खुणेजवळ, काठापासून जरा आत, नारळाची करवंटी किंवा वाळकी काटकी टाका आणि खालच्या खुणेपर्यंतचे सेकंद मोजा.

- ४० सेकंदांहून जास्त लागले: शिकायला योग्य पाणी.
- २० ते ४० सेकंद: गुडघ्यावर बसण्याचा सराव करा, तोही काठाजवळच.
- २० सेकंदांहून कमी: बोर्ड गाडीतून काढूच नका.

हिशेब साधा आहे. दहा मीटरला वीस सेकंद म्हणजे ताशी जवळजवळ दोन किलोमीटर. नवखा माणूस जोर लावून ताशी तीन-चार किलोमीटर वल्हवतो, तेही दमेपर्यंत. परतीला हातात काही उरत नाही.

वाऱ्यासाठी देवळावरचा झेंडा बघा. तो अधूनमधून हलत असेल तर ठीक. सारखा ताठ फडफडत असेल तर उभं राहायचं नाही, कारण उभा माणूस वाऱ्याला सगळ्यात मोठा आडोसा असतो.

पायरी २: जागा निवडा, आणि मगरीचा प्रश्न आधी सोडवा

कृष्णेत मगरी आहेत, ही अफवा नाही. भिलवडी, औदुंबर, डिग्रज ते हरिपूर या पट्ट्यात त्या वारंवार दिसतात आणि शहराच्या घाटांजवळही दिसल्या आहेत. हिवाळ्यात ऊन खायला त्या मळीवर (काठच्या गाळाच्या जमिनीवर) आणि वाळूवर येतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा अंडी घालण्याचा काळ, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात, आणि या सगळ्या दिवसांत मादी घरट्याच्या आसपास कोणाला खपवून घेत नाही. पहाट, तिन्हीसांज आणि रात्र या वेळा त्यांच्या.

म्हणून चार नियम, त्यात सूट नाही:

1. आदल्या दिवशी घाटावरचे नावाडी, मासेमार आणि रोज पोहणारे यांना विचारा: "या आठवड्यात मगर कुठं दिसली?" जागेच्या वर किंवा खाली एक-दोन किलोमीटरांत दिसली असेल तर बेत रद्द.
2. वर्दळीचा, फरसबंद घाट निवडा. निर्जन काठ, झुडपं, मळी आणि नदीतली वाळूची बेटं टाळा. फोटो छान येतो म्हणून वाळूवर बोर्ड लावणं ही सगळ्यात वाईट कल्पना.
3. मार्च ते पावसाळा या काळात नवख्यांनी नदीत उतरू नये.
4. बोर्डावर बसून पाय पाण्यात सोडून गप्पा मारायच्या नाहीत.

दिसलीच तर गुडघ्यावर या, आवाज न करता, पाणी न उडवता जवळच्या घाटाकडे वळा. पाठलाग नको, दगड नको. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६.

हे गणित ज्यांना पटत नाही त्यांनी नदीत उतरूच नये. पाचव्या पायरीपर्यंत शिकून थांबण्यात काही कमीपणा नाही.

मगरीइतकंच लक्ष पुढच्या गोष्टींवर हवं.

बंधारा. वरून पाणी आरशासारखं दिसतं, पण बरग्यांच्या फटींतून ते सतत ओढलं जात असतं. माणूस तिथं चिकटला की स्वतःच्या ताकदीने सुटत नाही. बंधाऱ्याच्या वर किमान दोनशे मीटरवर एखादी ठळक खूण ठरवा, झाड किंवा देऊळ, आणि त्या खुणेच्या खाली जायचं नाही. बंधाऱ्याखालची उसळी आणखी वाईट. ती तरंगणाऱ्या वस्तूलाही परत भिंतीकडे खेचते.

पुलाचे खांब. खांबांमध्ये धार वाढते आणि वाहून आलेलं लाकूड अडकतं. नवख्यांनी पुलाखालून जायचं नाही. चुकून ढकलले गेलात तर खांबाकडेच झुका. घाबरून उलट बाजूला झुकलं की पाणी बोर्डाच्या वरच्या अंगावर चढतं आणि बोर्ड उलटतो.

पंप आणि जॅकवेल (नदीतून पाणी उपसायच्या विहिरी). सांगलीवाडीपासून पुढे काठावर शेतीच्या मोटरी, पाण्यात सोडलेले पाइप, पाइपाच्या टोकाच्या फूटव्हॉल्व्हला बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्या आणि विजेच्या केबली असतात. दोरी पाण्याखाली वीतभर असते, वरून दिसत नाही. फिन (बोर्डाच्या बुडाला लावलेलं माशाच्या परासारखं पातं) त्यात अडकते, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस तोंडावर पुढे जातो. पंपांपासून पन्नास मीटर लांब राहा.

जाळी. थर्माकोलचे तुकडे किंवा बुचाच्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की त्याखाली जाळं आहे. वळसा घाला, ओलांडू नका.

सांडपाणी. शेरी नाल्याचं पाणी मिळतं त्या आसपास उतरू नका. अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी नदी नको. मेलेले मासे तरंगताना दिसले तर वरून काहीतरी सोडलेलं आहे असं समजा आणि घरी जा.

कपडे धुणारे, पोहणारे, दशक्रियेला आलेले लोक यांच्या पायऱ्या सोडून बाजूची पायरी घ्या. महापालिकेची किंवा पोलिसांची मनाई असेल तर ती पाळा.

पायरी ३: सामान

बोर्ड हवेचा घ्या. लांबी १० फूट ६ इंच ते ११ फूट, रुंदी ३२ ते ३४ इंच, जाडी ६ इंच. यात तडजोड करायचीच असेल तर लांबीत करा, रुंदीत नको. तीस इंचांखालचा बोर्ड नवख्याला छळतो. बोर्डावर छापलेली वजनमर्यादा तुमच्या वजनापेक्षा किमान २० ते २५ किलोने जास्त हवी. मर्यादेच्या काठावर बोर्ड मधोमध वाकतो आणि डुगडुगतो.

वल्ह्याची लांबी तुमच्या उंचीपेक्षा साधारण २० सेंटिमीटर जास्त. उंची १६५ असेल तर १८५. वल्हं शेजारी उभं करून हात सरळ वर करा. मूठ मनगटाशी आली की बरोबर. फार लांब वल्ह्याने खांदा दुखतो, आखूड वल्ह्याने कंबर.

जॅकेट अंगातच. बोर्डावर बांधलेलं जॅकेट पडल्यावर घालता येत नाही. सगळे पट्टे आवळून झाल्यावर कोणाला तरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानाशी येत असेल तर ते मोठं आहे.

लीश म्हणजे माणूस आणि बोर्ड यांना जोडणारी दोरी. बोर्डासोबत बहुधा घोट्याला बांधायची येते. समुद्रावर ती चालते, नदीत नाही. ती दोरीत, झुडपात किंवा खांबाला अडकली आणि धारेने शरीर ताणलं की हात घोट्यापर्यंत पोहोचत नाही. कमरेच्या पट्ट्याला लावायची, एका ओढीत सुटणारी लीश घ्या. सुटण्याचा गोळा पोटाच्या पुढे, जॅकेटने न झाकलेला राहील असा.

उरलेलं: पायात बंद, पातळ तळव्याचे जुने कॅनव्हासचे बूट (विसर्जनानंतर घाटाच्या तळाशी मूर्तींच्या सळ्या आणि लाकडं राहतात, अनवाणी पाय ठेवू नका), जॅकेटला बांधलेली शिट्टी, पाणबंद पिशवीत फोन, पाण्याची बाटली, टोपी.

काठावर थांबणाऱ्या सोबत्यासाठी पंधरा-वीस मीटर दोरी आणि पाच लिटरचा घट्ट बुचाचा रिकामा कॅन. कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवा म्हणजे फेकताना तो वाऱ्याने भरकटत नाही. दोरीचं एक टोक कॅनच्या कानाला, दुसरं सोबत्याच्या हातात.

सोबती नसेल तर नदी नाही.

पायरी ४: गच्चीवर बोर्ड भरा, घाटावर नाही

पहिल्यांदा बोर्ड भरायला घरी अर्धा तास द्या. घाटावर घाई होते आणि घाईत हवा कमी राहते.

1. सतरंजी अंथरा. फरशीवर घासून बोर्डाच्या कडा जातात.
2. व्हॉल्व्हचं झाकण काढा. आत एक छोटी पिन दिसेल. दाबून पाव फेरा फिरवल्यावर ती वर येते किंवा खाली बसते. वर असेल तर हवा अडते, खाली असेल तर सुटते. भरताना वर हवी.
3. नळी बसवून फिरवा, घट्ट होईपर्यंत.
4. पंपावर दोन्ही बाजूंनी हवा जाणारी सोय असेल तर सुरुवातीला ती वापरा, जड लागू लागलं की एकाच बाजूने. हाताने नाही, शरीराचा भार टाकून दाबा.
5. व्हॉल्व्हवर किंवा बोर्डावर छापलेल्या दाबापर्यंत भरा. बहुतेक बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतं.

काटा बराच वेळ हलत नाही म्हणून पंप बिघडला असं समजून लोक सात-आठवर सोडून देतात. बोर्ड पूर्ण आकाराचा झाल्यावरच दाब वाढू लागतो. आठ पीएसआयचा बोर्ड हाताला कडक लागतो, पण उभं राहिलं की पोटात वाकतो. "मला तोल जमत नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं खरं दुखणं हवेत असतं.

नळी काढताना फुस्स करून क्षणभर आवाज येणं ठीक. सगळी हवा सुटत असेल तर पिन खाली आहे.

आता फिन. मधली मोठी फिन शेपटीकडच्या खाचेत बसते आणि तिचं टोक मागे झुकलेलं असतं. उलटी बसवली तर बोर्ड सरळ जात नाही आणि गवत, दोऱ्या गोळा करतो. फिन लावल्यावर बोर्ड तिच्यावर टेकवून ठेवू नका, पालथा ठेवा.

वल्हं कसं धरायचं तेही इथंच. पातं दांड्याला सरळ जोडलेलं नसतं, त्याला कोन असतो. हा कोन बोर्डाच्या नाकाकडे, तुमच्यापासून लांब झुकलेला हवा. फावड्यासारखं पाणी ओढायचं असं वाटून बहुतेक जण उलटं धरतात. तसं धरलं की पातं पाणी वर उचलतं आणि बोर्ड खाली दबतो. एक हात मुठीवर, दुसरा दांड्यावर. वल्हं डोक्यावर आडवं धरा. दोन्ही कोपरांत काटकोन झाला की खालच्या हाताची जागा बरोबर. तिथं रंगीत टेप गुंडाळा.

मग फिन काढून बोर्ड गादीवर ठेवा आणि गुडघ्यावरून उभं राहण्याची हालचाल दहा वेळा करा (आठव्या पायरीत ती दिली आहे). घरचे हसतील. हसू द्या.

पायरी ५: पडणं आणि चढणं, जलतरण तलावात

नदीत पडण्याचा सराव करायचा नसतो. तो इथं करून मोकळं व्हायचं. तलावाच्या व्यवस्थापकांना विचारून गर्दी नसलेली वेळ घ्या, बोर्ड धुऊन न्या आणि फिन काढून ठेवा.

शेततळ्यात हे करू नका. प्लास्टिकचा कागद शेवाळाने बुळबुळीत होतो, कडा तिरप्या असतात आणि चांगला पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. विहिरीत तर जागाच नसते.

आधी बोर्ड न घेता, जॅकेट घालून ५० मीटर पोहा. दम लागला तर आधी पोहणं पक्कं करा.

पडण्याची रीत: तोल गेला की बोर्ड वाचवायला जाऊ नका. बाजूला, बोर्डापासून लांब, पसरून पडा. हात पसरलेले, अंग सपाट. सूर मारायचा नाही, पाय खाली सोडून उभ्याने उडी नाही, कारण नदीत खाली किती पाणी आहे आणि काय आहे ते दिसत नाही. वल्हं हातातच ठेवा.

चढण्याची रीत, आणि इथंच बहुतेक अडतात:

1. बोर्डाच्या मध्यावर, हँडलच्या समोर या. शेपटीकडून नाही.
2. वल्हं बोर्डावर आडवं ठेवा.
3. एक हात मधल्या हँडलवर, दुसरा जवळच्या कडेजवळ.
4. पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणा. पाय लोंबकळत असतील तर कितीही जोर लावा, बोर्ड तुमच्याकडे पलटतो.
5. जोरात लाथा मारत, हँडल ओढत पोटावर सरपटा. कड खाली दाबून वर चढायचं नाही. बोर्ड स्वतःखाली ओढून घ्यायचा आहे.
6. पोटावर आडवे झाल्यावर वळून लांबीत या, मग गुडघ्यावर.

जॅकेटची जाडी कडेत अडते. आणखी एक जोराची लाथ मारा, सुटेल.

बोर्ड पालथा झाला असेल तर आधी सरळ करा. पालथ्या बोर्डावर हँडल नसतं.

*पुढे जाण्याआधी तपासा:* पडल्यापासून गुडघ्यावर येईपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आत, सलग दहा वेळा. शेवटच्या दोन वेळा दमलेल्या अवस्थेत. लीश डोळे मिटून, एका हाताने सोडता येते का तेही बघा. जमलं तरच नदी.

पायरी ६: घाटावर, पाण्यात उतरण्याआधी

करवंटी टाकून धार पुन्हा मोजा. घाटावरच्या माणसाला मगरीबद्दल पुन्हा विचारा. बोर्ड घरून भरून आणला असेल तर काटा लावून दाब बघा, आणि काळ्या दगडी पायऱ्यांवर उन्हात ठेवू नका. आतली हवा तापून दाब वाढतो आणि शिवण सुटते. थांबायचं असेल तर सावलीत ठेवा किंवा दोन-तीन पीएसआय सोडा.

सोबत्याला तीन गोष्टी सांगा: किती वाजता बाहेर येणार, खाली कुठल्या खुणेपर्यंत जाणार, आणि तीन लांब शिट्ट्या म्हणजे मदत. फोनमध्ये ११२ आणि १०८. सोबत्याने घाटाच्या खालच्या अंगाला उभं राहायचं, वर नाही. वाहून जाणारा माणूस त्याच्याकडे आला पाहिजे.

शेवाळलेल्या पायऱ्यांवर बोर्ड घेऊन चालताना नाक पुढे, फिन बाहेरच्या बाजूला. कोरड्या पायरीवर उभं राहून बोर्ड पाण्यात सोडा. मग लीश लावा. लीश लावून पायऱ्या उतरलात तर तीच पायात येते.

पायरी ७: गुडघ्यावर

पाणी गुडघ्याच्या वर हवं, म्हणजे फिन पायरीवर आपटत नाही. नाक धारेच्या वरच्या दिशेला. वल्हं बोर्डावर आडवं, हात त्याच्यावर. एक गुडघा हँडलच्या बाजूला, मग दुसरा. हँडल दोन्ही गुडघ्यांच्या मधोमध आलं पाहिजे. पुढे सरकलात तर नाक बुडतं, मागे सरकलात तर शेपूट बुडते आणि बोर्ड लगामाबाहेर फिरतो.

गुडघ्यावर वल्हवताना वरचा हात मुठीवरून खाली, दांड्यावर घ्या. नाहीतर मूठ डोक्याच्या वर जाते.

पहिले दोन दिवस इथंच थांबा. अर्धा-पाऊण तास, काठापासून दहा-पंधरा मीटरांच्या आत. धारेच्या विरुद्ध पन्नास मीटर जा, वळा, परत या. नेहमी आधी वर आणि मग खाली, म्हणजे दमल्यावर पाणी तुम्हाला घराकडे आणतं. हा नियम उलटा केला की पहिल्याच दिवशी धारेबरोबर खालच्या हरिपूरची वाट धराल.

*तपासा:* दोन्ही बाजूंना वळता येतं, ठरवलेल्या जागी थांबता येतं, उतरलेल्या पायरीवरच परत येता येतं. तिन्ही जमत नसेल तर उभं राहायचं नाही. उभं राहून ते सोपं होत नाही.

पायरी ८: उभं राहा

बोर्ड हळू चालता हवा. थांबलेल्या बोर्डापेक्षा चालता बोर्ड कमी डुगडुगतो.

1. दोन-तीन वल्ही मारून गती घ्या.
2. वल्हं पुढ्यात आडवं टेका, दोन्ही हात त्यावर.
3. एक पाऊल गुडघ्याच्या जागी आणा, सपाट. मग दुसरं.
4. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, बोटं नाकाकडे, हँडल मधोमध. बाजूने उभं राहू नका, ते लाटेवरच्या बोर्डाचं आहे.
5. ढुंगण वर, नजर समोर, मग छाती वर. गुडघे शेवटपर्यंत थोडे वाकलेले.
6. उभं राहताच वल्हं पाण्यात. हवेत धरलेलं वल्हं काही आधार देत नाही, पाण्यातलं पातं तिसऱ्या पायासारखं काम करतं.

पाय थरथरतात. ते भीतीने नाही, पायांची बोटं आवळल्याने. बोटं सैल सोडा. दर काही मिनिटांनी गुडघ्यावर या.

पायांकडे बघू नका. नजर खाली गेली की डोकं जातं, डोक्यामागे खांदे, खांद्यामागे तुम्ही. पलीकडच्या काठावरचं एखादं झाड धरा.

मागून मोटरबोट किंवा होडी गेली तर लाटा येण्याआधी गुडघ्यावर. बोर्डाचं नाक लाटेकडे वळवा, लाट आडवी घेऊ नका. सरावाच्या शर्यतीच्या होड्या दिसल्या तर वाट द्या, त्यांना चटकन वळता येत नाही.

पायरी ९: वल्हवा, वळा, थांबा

सरळ: पातं पुढे, पायांच्या पुढे हात पोहोचेल तिथं घाला. पूर्ण बुडू द्या. घोट्यापर्यंत आणा आणि काढा. घोट्याच्या मागे ओढत राहिलात तर बोर्ड वळतो आणि कमरेवर ताण येतो. वरची मूठ खालच्या हाताच्या बरोबर वर, म्हणजे दांडा उभा. हाताने ओढू नका, कंबर वळवा. एका बाजूला चार-पाच, मग बाजू बदला आणि हातही बदला. हात न बदलता आडवं वल्हं मारणारे बरेच दिसतात. त्यांचा बोर्ड सापासारखा जातो.

वळणं: नाकापासून शेपटीपर्यंत मोठा अर्धवर्तुळाकार फटका. उजवीकडून मारला की बोर्ड डावीकडे.

थांबणं: पातं शेपटीजवळ घालून पुढे ढकला, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने. हे आधी शिका, सरळ जाणं नंतर.

वारा सुटला किंवा दमलात: गुडघ्यावर या. तरी पुढे जमत नसेल तर पोटावर झोपा, वल्ह्याचं पातं छातीखाली दाबा आणि हातांनी पाणी ओढा. काठ गाठा, मग पायी घाटावर या. धारेशी भांडत बसू नका, तिरपं कापत जवळचा काठ धरा. बोर्ड सोडून पोहायचं नाही. बोर्ड तरंगतो आणि लांबून दिसतो, डोकं दिसत नाही. अपवाद एकच, लीश कशात अडकून पाणी तुम्हाला खाली ओढत असेल तर पहिला हात सुटण्याच्या गोळ्यावर.

पायरी १०: बाहेर येणं आणि नंतरचं

शेवटचे दहा मीटर गुडघ्यावर. काठाशीही दुखापती होतात. फिन पायरीला लागते, बोर्ड थबकतो आणि उभा माणूस दगडावर जातो. पाणी गुडघाभर उरलं की खाली उतरा. उतरताना पाय सरकवत टाका, उचलून नाही.

घरी साबणाने अंघोळ, कानात पाणी राहू देऊ नका. खरचटलं असेल तर धुऊन औषध लावा. पुढच्या काही दिवसांत ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचं आवर्जून सांगा.

बोर्ड साध्या पाण्याने धुवा. फिनच्या खाचेत कृष्णेची बारीक वाळू जाते आणि पुढच्या वेळी फिन बसत नाही. तिथं जुना टूथब्रश फिरवा. पिन खाली दाबून हवा सोडा, सावलीत वाळवा आणि मगच गुंडाळा, व्हॉल्व्हच्या उलट टोकापासून. ओला गुंडाळलेला बोर्ड आठवड्यात वास मारतो.

रात्रभर भरून ठेवल्यावर सकाळी दाब दोन पीएसआयहून जास्त उतरला असेल तर व्हॉल्व्ह आणि शिवणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. व्हॉल्व्हवर आले तर बोर्डासोबतच्या पान्याने तो पाव फेरा आवळा. शिवणीवर आले तर घरी चिकटपट्टी लावून नदीवर नेऊ नका.